सड्यावरचा पाहुणा

(रत्नागिरी येथील एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर गयाना हा देश आहे. एव्हरार्ड इम थर्न नावाचे एक इंग्रज गृहस्थ तिथल्या जॉर्जटाऊनच्या संग्रहालयाचे अभिरक्षक होते. १८८३ साली त्यांनी तिथल्या आदिवासींवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात एक चाल नोंदवून ठेवली. त्यांच्या सोबतची माणसे एखाद्या मोठ्या धबधब्यापाशी, अपूर्व डोंगरापाशी किंवा चित्रे कोरलेल्या खडकापाशी आयुष्यात पहिल्यांदा आली, की आधी लाल मिरची स्वतःच्या डोळ्यांत चोळत. त्या जागेत जी शक्ती वसते तिचा कोप होऊ नये म्हणून ही तयारी. लहान मुलांनाही त्यातून सूट नसे.

आपल्याकडे डोळ्यांत मिरची घालत नाहीत. पण देवराईतले झाड तोडायचे म्हटले की आधी कौल लावतात. गुरव पाषाणाला कळ्या लावतो आणि उजवी पडते की डावी, याकडे मानकऱ्यांसकट सगळ्या गावाचे लक्ष लागते. गाऱ्हाणे एक जण घालतो, बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. घर बांधायला काढले, विहीर खणायची, मुलगी सासरी निघाली, मुंबईचा चाकरमानी गणपतीला आला, सगळ्याची वर्दी राखणदाराला द्यायची. इतक्या दूरच्या या दोन मुलखांत माणसांनी एकच गोष्ट ठरवली होती: जागेला मालक आहे, आणि तिथे पाऊल टाकण्याआधी त्याला सांगायचे.

आज मला बोलायचे आहे ते याच गोष्टीविषयी. दूरच्या रानावनांत, गवताळ माळांवर प्राणी बघायला आणि माणसे बघायला जाण्याची हौस जगभर वाढली आहे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात ती आता कातळशिल्पांपर्यंत, कासवांपर्यंत, देवरायांपर्यंत येऊन पोचली आहे. हा प्रवास कोणाच्या परवानगीने आणि कोणाच्या शब्दावर व्हावा? गयानाविषयी मी सांगेन ते तिथल्या प्रवाशांच्या आणि अभ्यासकांच्या नोंदींवरून. सड्याविषयी सांगेन ते पायाखालचे.

गयानाचा बहुतेक भाग घनदाट वर्षावनाने झाकलेला आहे. वस्ती किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीत, आणि त्या वस्तीत १८३८ पासून उसाच्या मळ्यांवर करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांचा वाटा मोठा. त्याच शतकात आपल्या रत्नागिरीची माणसे मॉरिशसच्या मळ्यांवर गेली, म्हणून ही कहाणी आपल्याला अगदीच परकी नाही. किनारा सोडून दक्षिणेला गेले की अरण्य लागते आणि अरण्य संपता संपता नैर्ऋत्येला, ब्राझीलच्या हद्दीपाशी, एकदम उघडा गवताळ प्रदेश पसरतो. त्याचे नाव रुपुनुनी. सुमारे १३,००० चौरस किलोमीटरचा हा माळ. मधोमध कनुकू डोंगर, उत्तरेला मकुशी लोकांची गावे, दक्षिणेला वापिशाना लोकांची.

तिथला पावसाळा साधारण मे ते ऑगस्ट. म्हणजे आपल्याकडे मृग आणि आर्द्रा कोसळत असतात तेव्हाच रुपुनुनीचा माळ पाण्याखाली जातो. एका बाजूला एसेकिबो नदीचे खोरे, दुसऱ्या बाजूला अ‍ॅमेझॉनला मिळणाऱ्या नद्या, आणि मधली जमीन इतकी सपाट की पुरात दोन्हींचे पाणी एकमेकांत मिसळते. मासे या खोऱ्यातून त्या खोऱ्यात जातात. या हंगामी पुराची ऐकीव वर्णने युरोपात पोचली आणि तिथल्या नकाशांवर पारिमा नावाचे एक अवाढव्य सरोवर उमटले. त्याच्या काठी सोन्याचे नगर आहे, असे वॉल्टर रॅलेने १५९५ च्या सफरीनंतर लिहिले. पुढे दोनशे वर्षे ते सरोवर नकाशांवरून हलले नाही. सोने शोधायला आलेल्यांना सोने दिसले नाही, म्हणून त्यांनी माळ रिकामा ठरवला. मकुशी माणसाला मात्र कोणत्या महिन्यात कोणत्या खळग्यात कोणता मासा अडकून राहतो ते माहीत होते.

आता सड्याकडे येऊ. सडा म्हणजे काय हे रत्नागिरीत सांगायची गरज नाही. पण हा मजकूर छापला जाणार आहे आणि घाटावरचे वाचकही तो वाचतील. समुद्रापासून थोडे आत, गावांच्या डोक्यावर, जांभ्या दगडाची विस्तीर्ण सपाट पठारे आहेत. माती जवळजवळ नाहीच. एप्रिल-मे महिन्यांत त्या काळ्या पडलेल्या कातळावर अनवाणी पाय ठेववत नाही. बाहेरचा माणूस गाडीतून जाताना म्हणतो, इथे काही नाही.

पहिला पाऊस पडून आठवडा-पंधरवडा झाला की तिथे चालून पाहा. कातळाच्या फटींत, बोटभर मातीत, दीपकाडीचे कंद असतात. पांढरीशुभ्र, घोसाने येणारी ती फुले. ही वनस्पती जगात फक्त कोकणात आहे आणि तिच्या शास्त्रीय नावातही कोकणच आहे. मग जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याच्या पातळ थरात गेंदाची पांढरी बोंडे उभी राहतात, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुले कातळभर पसरतात. या दगडावर नत्राची चणचण असते. म्हणून सीतेची आसवे पाण्यातले सूक्ष्म जीव इवल्या पिशव्यांत ओढून घेतात आणि शेजारचा दवबिंदू आपल्या चिकट केसांवर चिलटे धरतो. कवल्याची पिवळी फुले गणपतीच्या सुमाराला येतात. ऑक्टोबरात पाणी आटते, गवत सोनेरी होते, गुरे चरायला येतात. उघड्या दगडावर टिटवी अंडी घालते. ती अंडी खड्यांसारखी दिसतात म्हणूनच वाचतात. सैल चिऱ्याखाली फुरसे असते, आणि गुराखी पोर तिथे हात घालण्याआधी काठीने दगड उलथते. हे कोणी त्याला पुस्तकातून शिकवलेले नसते.

आणि पाणी. जांभा सच्छिद्र आहे. सड्यावर पडलेला पाऊस दगडातून झिरपत उतरतो आणि खाली वाडीच्या विहिरीत, व्हाळात, झऱ्यात येतो. ज्या बागायतीवर आपण जगतो, ते पोफळीचे आगर आणि परसातला माड सड्याने मुरवलेल्या पाण्यावर उभे आहेत. सड्याला रिकामा म्हणणाऱ्याने आधी आपल्या विहिरीत डोकावावे.

रुपुनुनीच्या माळावर एक खुरटे, वाकडेतिकडे झाड जिकडेतिकडे दिसते. त्याचे पान इतके खरखरीत की त्याने लाकूड घासून गुळगुळीत करतात. ते आपल्या जंगलातल्या करमळाच्या कुळातले. आणि काजू तर तिकडचाच. ब्राझीलच्या किनाऱ्यावरून पोर्तुगीजांनी तो आणला, आणि आज काजूबोंडाच्या वासाशिवाय आपला वैशाख पुरा होत नाही. उलट दिशेने आंबा गेला. मकुशींचे मुख्य अन्न कसावा, म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच. त्यांचा कसावा कडू जातीचा, त्यात सायनाइडचे विष असते. बायका तो किसतात, वेताच्या लांब विणलेल्या नळीत भरून पिळतात, रस आटवतात, पीठ भाजतात, आणि विषारी कंदाची भाकरी होते. एकादशीला आपल्या ताटात पडणारा साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा, मिरची, यांतले सगळे मूळचे अमेरिकेतले. ज्या लोकांनी कसाव्यासारखी पिके हजारो वर्षे सांभाळून वाढवली, त्यांच्या माळाला रिकामा माळ म्हणणे मला तरी जमणार नाही.

शास्त्रज्ञांनाही तो माळ पुरता कळला होता असे नाही. लाल सिस्किन हा चिमणीपेक्षाही लहान, रक्तवर्णी पक्षी. पिंजऱ्यातल्या कॅनरी पक्ष्याला लाल रंग यावा म्हणून त्याच्याशी संकर करतात, आणि त्यापायी तो इतका पकडला गेला की नामशेष होण्याच्या वाटेवर आला. २००० साली तो दक्षिण रुपुनुनीत सापडला. आज त्याची राखण तिथल्याच माणसांची संस्था करते.

आपल्या सड्यांचेही असेच झाले. गेल्या दहा-पंधरा वर्षांत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव पायपीट करून कातळशिल्पांचा शोध घेतला, आणि हजाराहून अधिक आकृत्या जगापुढे आल्या. हत्ती, वाघ, मोर, कासव, मुशी, पाकट, माणसे, आणि अर्थ न लागलेल्या भौमितिक रचना. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मधोमध एक माणूस उभा आहे. काही ठिकाणी गेंडा ओळखू येतो. गेंडा आज कोकणात नाही; पण गुजरातेत लांघणजला मध्याश्मयुगीन थरांत गेंड्याची हाडे मिळाली आहेत, तेव्हा पश्चिम भारतातल्या माणसाने तो डोळ्यांनी पाहिला होता यात शंका नाही. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत कोकणच्या या शिल्पांचा समावेश झाला. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे ही आपल्या जिल्ह्यातली, कुडोपी सिंधुदुर्गातले आणि फणसमाळ गोव्यातले.

या शोधाची एक बाजू मला फार मोलाची वाटते. शोधणाऱ्यांना वाट दाखवली ती गुराख्यांनी, शेतकऱ्यांनी, सड्यावर गवत कापायला जाणाऱ्या बायकांनी. त्यांना ही चित्रे ठाऊक होती. त्यांच्या वाडवडिलांनाही ठाऊक होती. गुरे राखताना ती पोरे त्या हत्तीच्या पाठीवर बसून भाकरी खात आली आहेत. अभ्यासकांनी त्यांना विचारले, हे त्यांचे मोठेपण; त्याआधी कोणी विचारले नव्हते. गयानातही नदीकाठच्या खडकांवर अशीच कोरीव चित्रे आहेत, तिमेहरी म्हणतात त्यांना, आणि ज्या खडकांपुढे इम थर्नचे सोबती डोळ्यांत मिरची चोळत ते याच जातीचे.

सरकारी कागदावर मात्र सडा म्हणजे पोटखराबा. पीक नाही, म्हणून महसूल नाही, म्हणून किंमत नाही. आणि जिला किंमत नाही अशी जमीन कशालाही देता येते. चिऱ्याच्या खाणी पडल्या. सुरुंग लावून, बाहेरची माती भरून कलमांच्या बागा झाल्या. कलमबागायतदाराच्या कष्टांना मी नावे ठेवत नाही, माझ्या घरचे खाणेपिणे त्याच कलमांवर झाले; पण फोडलेल्या कातळात दीपकाडी परत येत नाही आणि खणलेला हत्ती पुन्हा कोरता येत नाही. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा आसपासच्या गावांतल्या बाया-माणसांनी भर उन्हात त्या कातळावर ठाण मांडले. त्या प्रकल्पाविषयी या सभागृहात दोन मते असतील, असावीत. पण त्या बायांचे म्हणणे कागदावर यायला त्यांना उन्हात बसावे लागले, हे दोन्ही बाजूंच्या माणसांनी लक्षात ठेवायला हवे. गयानाच्या समुद्रात २०१५ साली मोठा तेलसाठा सापडला आणि तो देशही आता याच प्रश्नांतून जातो आहे.

प्राण्यांविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही, आणि मला त्यातच जास्त रमायला होते. रुपुनुनीच्या माळावर वाळवीची वारुळे जागोजाग उभी आहेत आणि त्यांच्यामधून राक्षसी मुंगीखाऊ फिरतो. शेपटीसकट दोन मीटर लांब, नळीसारखे तोंड, तोंडात एकही दात नाही, हातभर लांब जीभ. पुढच्या पायांच्या नख्या इतक्या मोठ्या की त्या आत मुडपून तो बोटांच्या सांध्यांवर चालतो. आपल्या रानात याच धंद्यातला प्राणी म्हणजे खवले मांजर. त्यालाही दात नाहीत, जीभ अशीच लांब आणि चिकट, नख्या तशाच वारूळफोड्या. दोघांचे पिल्लू एका वेळी बहुधा एकच; मुंगीखाऊची आई ते पाठीवर वाहते, खवले मांजराची आई शेपटीच्या बुडाशी. पण दोघांचे नाते काही नाही. मुंगीखाऊ हा स्लॉथ आणि आर्माडिलो यांच्या गोतातला, तर खवले मांजर वाघ-कुत्र्यांसारख्या मांसाहारी प्राण्यांच्या अधिक जवळचे. मुंग्या-वाळवी खाऊन जगायचे ठरल्यावर निसर्गाने दोन खंडांत दोन वेगळ्या घराण्यांना सारखीच हत्यारे दिली.

आपल्या धनेशाचे आणि तिकडच्या टूकनचे तेच. मोठी रंगीत चोच, फळांवर जगणे, जुन्या झाडाच्या ढोलीत घरटे. चित्रात शेजारी ठेवले तर भाऊ वाटावेत. प्रत्यक्षात टूकन आपल्या तांबटाच्या भाऊबंदांतला आणि धनेश हुदहुदाच्या. टूकनची मादी ढोलीत मोकळी बसते. धनेशाची मादी आत शिरून विष्ठेने आणि चिखलाने ढोलीचे तोंड लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते, आणि आठवडेच्या आठवडे नर त्या फटीतून तिला वडाची, पिंपळाची, रान जायफळाची फळे भरवतो. त्यासाठी लागते ते शंभर-दोनशे वर्षांचे, पोकळ झालेले झाड. तशी झाडे आता राहिली ती बहुतेक देवरायांत. संगमेश्वर, देवरुखच्या बाजूला बेहड्याच्या जुन्या झाडांवर माडगरुडाची, म्हणजे धनेशाचीच, घरटी बघायला मिळतात, ती झाडे देवाची म्हणून उभी राहिली. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला आणि १९७६ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा विद्वानांना कळले की गावाने धर्म म्हणून जपलेले हे तुकडे म्हणजे मूळ अरण्याचे अवशेष आहेत. देऊळ मोठे सिमेंटचे बांधायचे म्हणून त्याच देवाची झाडे विकली जाताना मी पाहिली आहेत. ते बघवत नाही. देवाने कौल दिला असे कोणी म्हणाले तरी बघवत नाही.

आता प्रवाशांकडे वळतो. गयानाच्या अरण्यात फिरलेल्या नामवंत प्रवाशांची यादी मोठी आहे, आणि त्यांतल्या पुष्कळांनी तिथून काहीतरी नेले. चार्ल्स वॉटर्टन १८१२ साली रानात शिरला तो क्युरारे शोधायला. मकुशी शिकारी बाणाच्या टोकाला लावतात ते हे विष. एका वेलीच्या सालीपासून ते करण्याची कृती मोठी आणि काटेकोर, पिढ्यान्‌पिढ्या जपलेली. विष अंगात गेले की स्नायू सैल पडतात, श्वास थांबतो. पण बाहेरून श्वास चालू ठेवला तर प्राणी वाचतो. वॉटर्टनने ते इंग्लंडला नेले. तिथे एका गाढविणीला ते टोचून, भात्याने तिच्या फुप्फुसांत हवा भरत ठेवून तिला जगवून दाखवण्यात आले. १९४२ साली माँट्रियलमध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करण्यासाठी क्युरारे वापरले गेले आणि भूलशास्त्र बदलले. आज या सभागृहातल्या कोणाच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर तिच्यामागे मकुशींसारख्या शिकाऱ्यांचे ज्ञान उभे आहे. वॉटर्टनचे नाव पुस्तकांत आहे. ज्या माणसाने त्याला ते विष करून दिले त्याचे नाव कुठे नाही.

ही जुनी रीत बदलता येते, याचा पुरावाही गयानातच मिळतो. १९८९ साली क्वालालंपूरला राष्ट्रकुल परिषदेत गयानाचे अध्यक्ष डेस्मंड हॉइट यांनी सुमारे ३,७१,००० हेक्टर वर्षावन जगासाठी प्रयोगभूमी म्हणून देऊ केले. १९९६ साली त्यासाठी कायदा झाला. हेच इवोक्रामा. अरण्याचा काही भाग पूर्ण राखीव, बाकीच्या भागात जपून वापर. पण खरे महत्त्वाचे ते पुढचे: आसपासच्या मकुशी गावांनी आपले मंडळ स्थापन केले आणि अरण्याच्या कारभारात आपला आवाज मागून घेतला. मकुशी स्त्रियांच्या संशोधन गटाने स्वतःच्या वनस्पती, शेती, चालीरीती स्वतः लिहून काढल्या. अरण्याच्या कडेला सुरामा नावाचे गाव आहे. तिथल्या लोकांनी पाहुण्यांसाठी स्वतःची घरे बांधली. वाटाड्या गावचा, नाव वल्हवणारा गावचा, रांधणारी गावची. कुठे न्यायचे, कुठे न्यायचे नाही, हेही गावच ठरवते.

त्याच भागातली अरापाइमा माशाची गोष्ट मला मच्छीमारांच्या जिल्ह्यात मुद्दाम सांगायची आहे. अरापाइमा हा गोड्या पाण्यातला जगातल्या सर्वांत मोठ्या माशांपैकी एक, माणसाहून लांब. त्याला हवा घ्यायला दर थोड्या मिनिटांनी पाण्यावर यावे लागते. बेसुमार मारल्यामुळे तो रुपुनुनीत उरतो की नाही अशी वेळ आली. ब्राझीलमधल्या मामिरावा राखीव क्षेत्रात तिथल्या मच्छीमारांनी एक पद्धत बसवली होती: तळ्याचे भाग पाडायचे, प्रत्येक भागावर एकाने बसायचे आणि वर येणारे मासे ठरल्या वेळात मोजायचे. जुना मच्छीमार नुसत्या आवाजावरून आणि पाण्याच्या हालचालीवरून मासा केवढा ते सांगतो. शास्त्रज्ञांनी पडताळून पाहिले तेव्हा अनुभवी मच्छीमारांची मोजणी विश्वासाची ठरली. ते मच्छीमार रुपुनुनीत आले, मकुशी मच्छीमारांना शिकवून गेले. आपल्याकडे मासेमारीबंदीच्या काळात कोणती होडी गेली आणि कोणती नाही यावर भांडणे होतात. मिरकरवाड्याच्या आणि हर्णैच्या म्हाताऱ्या नाखव्यांना मासा मोजायला कोणी बसवल्याचे मी ऐकलेले नाही. बसवावे.

वेळासची गोष्ट आपल्याला माहीत आहे, तरी सांगतो. नाना फडणविसांचे हे गाव, मंडणगड तालुक्यात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्र गरुडाच्या घरट्यांची पाहणी करत किनारा फिरत होते. २००२ साली वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. अंडी गावात खाल्ली जात, विकली जात. संस्थेने गावकऱ्यांनाच राखणीला घेतले. रात्री किनारा फिरायचा, घरटे सापडले की अंडी काढून कुंपणातल्या वाळूत तेवढ्याच खोलीवर पुरायची, दीड-दोन महिने वाट बघायची, आणि पिल्ले वर आली की सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडायची. काही वर्षांत कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे हॉटेलात उतरत नाहीत, गावातल्या घरांत उतरतात; पानात मोदक आणि कुळथाचे पिठले पडते. ज्या घरातला माणूस पूर्वी अंडी गोळा करायचा, त्याच घरात आता कासवाची माहिती सांगितली जाते. जानेवारी २०२२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवले आणि तिचे नाव प्रथमा ठेवले. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. गयानाच्या शेल बीच किनाऱ्यावर चार जातींची कासवे अंडी घालतात, त्यांतली एक आपलीच ऑलिव्ह रिडली. तिथेही कालचे कासवमारे आजचे राखणदार झाले आहेत.

खवले मांजरासाठीही चिपळूण तालुक्यात असेच काम झाले. डुगवे गावाने २०२० साली खवलोत्सव केला. ग्रामदेवतेच्या देवळात खवले मांजराच्या प्रतिकृतीची पूजा झाली. खवल्यांसाठी ज्याची चोरून शिकार होते, त्याला गावाने राखणदाराच्या पदरात घातले. कोणत्याही फलकापेक्षा हे बंधन घट्ट आहे.

तेव्हा कातळशिल्पांच्या बाबतीत आपण काय करणार? उक्षीला गावाने तिथल्या कोरलेल्या हत्तीभोवती चिऱ्याचे कुंपण घातले, त्यामुळे पाय न देता तो बघता येतो. अशी दक्षता सगळीकडे नाही. चित्र फोटोत नीट दिसावे म्हणून रेषांत खडू किंवा चुना भरणारे येतात. सड्यावर गाडी घालणारे येतात. पावसाळ्यात एका गाडीची चाके दीपकाडीचा सगळा वाफा चिरडून जातात. कासच्या पठाराचे उदाहरण समोर आहे. जागतिक वारसा म्हणून नाव झाले, गर्दी लोटली, कुंपण घालावे लागले आणि रोज किती माणसे सोडायची याला मर्यादा बांधावी लागली. ती वेळ आपल्यावर येण्याआधी ठरवायला हवे.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. सड्यावर जाण्याची वाट गावातून जावी. ग्रामसभेने ठरवावे की कोणत्या महिन्यांत यायचे, किती जणांनी यायचे, कुठे चप्पल काढायची, कोणती देवराई बाहेरच्यांना बंद. बंद म्हणण्याचा अधिकार गावाकडे नसेल, तर उरलेल्या सगळ्या अधिकारांना फारसा अर्थ नाही. वाटाड्या गावचाच असावा आणि त्याला दिवसाचे पैसे ठरलेले असावेत; मेहेरबानी म्हणून हातावर ठेवलेली नोट नको. शहरातून गट घेऊन येणाऱ्यांनी गावच्या माणसाला गाडीच्या मागच्या सीटवर बसवून स्वतः व्याख्यान देऊ नये. त्याने बोलावे, आपण ऐकावे. त्याने गेंड्याला डुक्कर म्हटले तरी आधी ऐकावे, कारण तो तसे का म्हणतो त्यात बहुधा काहीतरी असते. मारुती चितमपल्लींनी आयुष्यभर हेच केले. वनअधिकारी असूनही ते पक्ष्यांची नावे आदिवासींकडून आणि कोळ्यांकडून शिकले, म्हणून त्यांचा पक्षीकोश आपल्याला लाभला.

१८२८ पासून नगर वाचनालय चालवणाऱ्या या शहराला नोंदी ठेवण्याची सवय आहे. गोगटे-जोगळेकर महाविद्यालयाच्या आणि जिल्ह्यातल्या बाकीच्या महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना मी एक काम सुचवतो. प्रत्येकाने आपल्या गावचा एक सडा घ्यावा. मृगाच्या पहिल्या सरीपासून दिवाळीपर्यंत दर आठवड्याला तिथे जावे, कोणते फूल कधी आले, पाणी किती दिवस राहिले, टिटवीने कुठे अंडी घातली, खालच्या विहिरीचे पाणी केव्हा चढले आणि केव्हा उतरले, हे लिहावे. बरोबर गावातला एक म्हातारा गुराखी किंवा गवत कापणारी आजी असावी, आणि वहीच्या पहिल्या पानावर विद्यार्थ्याच्या नावाआधी त्यांचे नाव असावे, त्यांनी हरकत घेतली नाही तर. वह्यांच्या प्रती ग्रामपंचायतीत ठेवाव्यात. पुढच्या वेळी कोणी पोटखराबा म्हणून तो सडा मागायला आला, तर सरपंचाने ती वही टेबलावर ठेवावी आणि मग बोलणे सुरू करावे.